तळाचा केसपेपर

दवाखान्यात बायकांच्या विभागाला दोन दारं होती आणि त्या दोन दारांच्या मधे एका स्टुलावर मावशी बसायची. एकोणीस वर्षं. केसपेपर गोळा करायचे, नंबर पुकारायचे, बाईला आत न्यायचं, पडदा धरायचा. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, तिथून बाहेर ते कधी पडलंच नाही. तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा तिला मावशीच म्हणायच्या.

डावीकडे मोठे डॉक्टर. हुशार माणूस, हाताला गुण होता, पण जिभेला हाड नव्हतं. बाई समोर बसलेली असताना तिच्या नवऱ्याला विचारायचे, "काय होतंय हिला?" पडदा अर्धा उघडा ठेवून तपासायचे. आणि कुणी दुखणं अंगावर काढून आली, की बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचे, "इतके दिवस झोपली होतीस का?" त्या एका वाक्यापायी कितीजणी पुन्हा फिरकल्या नाहीत, याची नोंद दवाखान्यात कुठंच नव्हती. मावशीच्या डोक्यात मात्र होती. शिवणाच्या कारखान्यातली एक तरुण मुलगी खाली मान घालून निघून गेली, ती वर्षभरानं स्ट्रेचरवरूनच आली.

उजवीकडे धाकट्या डॉक्टरीणबाई. त्या फक्त गुरुवारी यायच्या, वीसजणींना तपासायच्या आणि एकच्या ठोक्याला दुसऱ्या दवाखान्यात जायच्या. तपासायच्या आधी त्या पडद्याबाहेर उभ्या राहून विचारायच्या, "येऊ का?" मावशीला पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, हे काय नवीन सोंग! पण एकदा आतून एक बाई म्हणाली, "थांबा." आणि डॉक्टरीणबाई थांबल्या. त्या पडद्याआडून कुणी थांबा म्हटलेलं मावशीनं तोवर ऐकलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला.

त्या दिवसापासून तिनं लबाडी सुरू केली. नियम असा, की केसपेपर आल्या क्रमानं एक डावीकडे, एक उजवीकडे. मावशी क्रम बघेना, चेहरा बघू लागली. जी पदराआड, रुमालाआड, कशाआड तरी तोंड लपवून बसली असेल, तिचा पेपर गुपचूप उजव्या गठ्ठ्यात.

"मावशी, पत्ते पिसताय का?" खिडकीतला कारकून चिडवायचा.

"पिसते. तू शिक्के मार."

मार्च महिन्यात अंघोळ करताना तिच्या हाताला स्तनात गाठ लागली. ती काही अडाणी नव्हती. त्याच गुरुवारी तिनं स्वतःचा केसपेपर काढला, त्यावर तारखेचा शिक्का मारून घेतला आणि उजव्या गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. विसावा नंबर आपला. पण साडेबाराला एक पोर आली, सासूनं दंडाला धरून आणलेली, थरथर कापणारी. मावशीनं तिचा पेपर वर घातला आणि आपला घडी करून खिशात ठेवला. पुढच्या गुरुवारी बघू.

पुढच्या गुरुवारीही कुणीतरी आलीच. दर गुरुवारी यायची, आणि तळाशी ठेवलेला मावशीचा पेपर परत खिशात जायचा. खरं सांगायचं तर मावशीला भीतीही वाटत होती. तिनं तपासणीच्या टेबलाच्या पायथ्याशी उभं राहून इतक्याजणी बघितल्या होत्या, की स्वतः वर आडवं व्हायला मन धजत नव्हतं. डावं दार रोज उघडं होतं. तिथं मात्र ती मेली तरी जाणार नव्हती.

"आई, डावा हात का उचलत नाही तुम्ही?" सून एकदा म्हणाली. "दवाखान्यातच असता दिवसभर, दाखवा की."

"दाखवते गं, कटकट करू नकोस."

नोव्हेंबरात एका गुरुवारी बसवाल्यांचा संप झाला. अकराच बायका आल्या. अकरावी बाहेर पडली, तरी गठ्ठ्यात एक पेपर उरला होता. डॉक्टरीणबाईंनी दारात येऊन त्यावरचं नाव पुकारलं. बाक रिकामा होता. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा मावशी स्टुलावरून उठली.

आत टेबलावर ती छताकडे बघत पडून राहिली. पडदा आज धरायला कुणी नव्हतं.

"येऊ का?"

बाहेर डॉक्टरीणबाई थांबून राहिल्या. बऱ्याच वेळानं मावशी म्हणाली, "या."

बोटं गाठीवर आली, मग काखेत गेली आणि तिथंच थबकली. मावशी कपडे करून खुर्चीवर येऊन बसली, तेव्हा डॉक्टरीणबाई केसपेपरवरचा मार्चचा शिक्का बघत होत्या.

"मावशी, तुम्ही तर दाराशीच होता."

"तुमच्या वीसच असतात, बाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मग काखेतही गाठी आहेत, उशीर झालाय, आता इथं होण्यासारखं काही नाही, हे त्यांनी काहीही न लपवता, तिच्याकडे बघून सांगितलं. मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहायला घेतली. तिथं सगळी यंत्रं आहेत, चांगले डॉक्टर आहेत, उद्याच जा, म्हणाल्या.

मावशीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथं दारावर कोण बसतं?"