वरच्या थराची फुलं

"लाजाळू नाय ती, दमलीये," सविता लेकीबद्दल म्हणायची. शाळेत, सासूपाशी, दवाखान्यात, सगळीकडे हेच. पटायचं कुणालाच नाही.

नाशिकबाहेर आमच्या शेजारी तिचा झेंडूचा मळा. लेक भाग्यश्री दहा वर्षांची. वर्गात मैत्रिणी हसल्या की हसायची, त्यांनी मान डोलावली की डोलावायची. घरी आली की फुलांच्या क्रेटांच्या मागे अंधारात तासभर कण्हत पडायची. सकाळी शाळेचं नाव काढलं की ओकायची.

"गुणी आहे हो, वर्गात असल्याचं कळतही नाही," शाळेतल्या बाई म्हणायच्या.

सासू गोजराबाईचं वेगळंच. "ते ऑटिझम का काय, ते पोरग्यांना असतं, पोरींना नाय. हिला तू लाडावलीस."

तपासणीचा कागद मिळाला तर शाळा तिला गोंगाटापासून दूर बसवणार होती. नाही तर शाळा सुटणार, हे दिसतच होतं.

चार महिन्यांनी इंदिरानगरच्या दवाखान्यात नंबर लागला. बाजारात माल न्यायचा तर वरच्या थराला टपोरी फुलं लावायची, पाणी शिंपडायचं, ही आमची रीत. सविताने लेकीलाही तसंच नेलं. आठवडाभर घोकवून घेतलं: डोळ्यांकडे बघायचं, नाव विचारलं की हसायचं. पोरीने सगळं बिनचूक केलं.

"थोडी लाजरी आहे. काळजी नको," डॉक्टर म्हणाले.

सविता दवाखान्याच्या पायरीवरच बसली; सोबतीला मी गेलो होतो. "एवढे शिकलेले, अन् वरचाच थर बघून उठले," ती मला म्हणाली. आणि मग, "लावला मीच ना."

दुसऱ्या दवाखान्यात नंबर लागायला आणखी सहा महिने गेले. तिथे तपासणी करणाऱ्या प्रतिभामॅडमनी सगळं ऐकून घेतलं. भाग्यश्रीला काही विचारलं की ती आधी आईकडे बघे.

"ताई, तुम्ही समोर असलात की ती तुमच्यासाठी नीट वागते. तासभर लांब जा."

"रडंल ती."

"रडू दे. मी जवळ आहे, गप्प बस म्हणणार नाही."

"म्हंजे माझी पोर रडल्याबिगर तुम्हाला दिसायची नाय?"

"मुलग्यांनाच बघून बघून आमची नजर तशी झालीय, ताई. मुली झाकतात ते सुटतं."

"मग एवढी वर्षं आमच्या पोरींनी काय करायचं व्हतं?"

मॅडमनी भाग्यश्रीजवळ खुर्ची ओढली. मी दारातून बाजूला झालो.

सविताने चपला घातल्या. लेकीला काहीच न शिकवता ती निघाली, भरभर, मागे न बघता. ती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत भाग्यश्री खिडकीतून बघत राहिली, आणि भाग्यश्रीकडे प्रतिभामॅडम.