हरवलेल्या पिल्लाची सहा चित्रं

छोट्या वर्गाच्या बाईंबद्दल पुठ्ठेकाकांना खरं म्हणजे फारसं काही ठाऊक नव्हतं. पर्सच्या तुटलेल्या चेनला लावलेली सेफ्टी पिन, घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि तात्पुरती नोकरी, एवढंच. काका शाळेचे शिपाई. बाईंना पुठ्ठे कापून द्यायचे, म्हणून पोरांनी त्यांना हे नाव ठेवलेलं.

त्या आठवड्यात बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तपासणीचे साहेब वर्ग बघायला येणार होते, आणि बाई नोकरीत राहणार की जाणार ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. बाईंनी बदकाच्या हरवलेल्या पिल्लाची गोष्ट निवडली. आधी गोष्ट वाचायची, मग पिल्लाचे मुखवटे घालून वर्गभर फिरायचं, शेवटी सहा चित्रं क्रमाने दोरीवर चिमट्यांनी लावायची. पिल्लू हरवतं, मग वारा, कोल्हा, काळोख, पूल आणि सगळ्यात शेवटी आई. पण पोरं ऐकतील तर शपथ. पिल्लू हरवलं रे हरवलं, की लगेच शेजारी आईचं चित्र. बाईंनी समजावलं, दटावलं, लाडीगोडी लावली. पालथ्या घड्यावर पाणी.

"काका, आईचं चित्र लपवूनच ठेवू का हो?" आदल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"मग भोकाड पसरतील, बाई. साहेबांना तेच ऐकवायचंय का?"

बाई हसल्या, पण ओठांपुरत्या.

दुसऱ्या दिवशी काका पाण्याचा तांब्या घेऊन दारातच घुटमळले. गोष्ट झाली, मुखवटे झाले. साहेब मागे बसून बघत होते. मग दोरी बांधली, आणि एका चिमुरडीने नेहमीसारखं आईचं चित्र हरवलेल्या पिल्लाच्या लगेच शेजारी अडकवलं. बाईंचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला.

साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, आई इतक्या लवकर कशी सापडली?

"सापडायलाच पाहिजे," पोरगी म्हणाली. "नाहीतर कोल्ह्याचं ते कुणाला सांगणार?"

आणि उरलेली चित्रं तिने आईच्या पुढे एकेक करून लावली, पिल्लू आईला सगळं सांगत बसल्यासारखी. साहेबांनी दोरीकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले.

मग नुसतीच वाट बघणं. बाई रोज विचारायच्या, काही कळलं का? काका नाही म्हणून मान हलवायचे, आणि जणू त्यांनीच काही दडवलंय असं त्यांचं त्यांनाच वाटायचं. शेवटी मोठ्या बाईंनी बाईंना बोलावून सांगितलं की साहेबांचा शेरा चांगला आहे, नोकरी कायम झाली. मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत, सोमवारपासून. तिथून घरी पोचायला अंधार होणार, तोवर वडिलांजवळ कोण? आनंद करायचा की काळजी, बाईंना कळेना.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या निघाल्या. फाटकापाशी पर्सची पिन निसटली, ती लावता लावता वळल्या.

"काका, नव्या बाईंना पुठ्ठा जरा जाड द्या. पोरं कोपरे चावतात."

"देतो," काका म्हणाले.