तेरा अक्षरांची जागा

आमच्या सोलनोक शहरातल्या दहामजली इमारतींच्या लिफ्टमध्ये कोणी अडकलं, की हालमोश वेंडेलला फोन जातो. तो येतो, बाहेरून आतल्या माणसाशी गप्पा मारत काम करतो, आणि दार उघडेपर्यंत त्या माणसाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय इथवरची माहिती त्याच्याकडे जमा झालेली असते. अशा सालस माणसाने एका कॉम्प्युटर-भाषेपायी जिवलग मित्राशी अबोला धरावा, हे बाहेरच्याला पटत नाही. आमच्या मंडळात पटतं. आमच्याकडे याहून फालतू कारणांवर माणसं बोलायची थांबली आहेत.

मंडळ आहे जुन्या कमोडोर सोळा कॉम्प्युटरवाल्यांचं. शाळेत असताना हे यंत्र घरी आलं, आता आमची पोटं टेबलाला लागतात, पण यंत्र तेच. त्याची मेमरी सोळा के. आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोचा कोपरासुद्धा तिच्यात मावणार नाही. बहुतेकांनी सोल्डरिंग करून ती वाढवून घेतली आहे. पण वार्षिक मेळाव्यात सांस्कृतिक भवनाच्या पडद्याला जोडलेलं यंत्र मूळचंच असतं, आणि प्रोग्राम कॅसेटवरून त्यातच चढायला हवा, असा नियम आहे. तो कोणी केला हे कोणाला आठवत नाही, त्यामुळे तो बदलताही येत नाही.

मंडळात दोन पंथ. शहर बस चालवणारा सिकोरा ओट्टो हा कर्मठ पंथाचा: एकेक सूचना हाताने, यंत्राच्याच भाषेत. वेंडेल लॅपटॉपवर सी नावाच्या भाषेत लिहितो, आणि कंपायलर त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करतो. कंपायलर काम चटकन उरकतो, पण हात सढळ. पाव किलोत भागेल तिथे अर्धा किलो घालतो. तीन मेळाव्यांपूर्वी मत्स्यसूपाच्या पंगतीत ओट्टो म्हणाला, की सीमधला खेळ म्हणजे पाकिटातलं सूप, मासा फक्त चित्रात. वेंडेल शांतपणे म्हणाला, “निदान ते ताटात येतं. तू अजून गळ टाकूनच बसलायस.” ओट्टोने कित्येक वर्षांत एकही प्रोग्राम पुरा केला नव्हता. आरोप खरा होता, म्हणून क्षमेला जागा उरली नाही.

यंदा वेंडेलने खेळ केला तो अर्थातच लिफ्टचा. दहा मजले, एक तळघर, नाना स्वभावांचे भाडेकरू आणि एक कुत्रा. खेळ मेमरीत मावेना. वेंडेलने संगीत काढलं, सुरुवातीचं चित्र काढलं, शेवटी हळहळत कुत्रा काढला. उरली नावं.

आमच्याकडे प्रोग्रामच्या शेवटी पडद्यावरून एक ओळ सरकत जाते, तिच्यात मंडळातल्या झाडून सगळ्यांना नमस्कार असतो. फक्त लिहिणाऱ्याचं स्वतःचं नाव नसतं, तो शिष्टाचार. लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर जे होतं, तेच इथे होतं, आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत टिकतं. वेंडेलची बायको पिरोश्का म्हणाली, “वारलेल्यांची काढ ना. ते थोडेच रुसणार आहेत.” वेंडेल म्हणाला, त्यांच्या विधवा मेळाव्याला केक घेऊन येतात.

एकच नाव काढलं की खेळ बरोबर मावत होता, आणि तेच नाव गाळलेलं पाहून कोणालाही नवल वाटलं नसतं: ओट्टोचं. वेंडेलने काढून पाहिलं. खेळ चालला. पण वेंडेलला झोंबलं. तोंडाने माफी मागण्याची आमच्याकडे पद्धत नाही. या ओळीत नाव घालणं हीच माफी. यंदा नाव आलं नाही, तर अबोला कायमचा झाला, असं सगळे धरून चालणार होते. ओट्टोसुद्धा.

म्हणून मेळाव्याच्या आदल्या दिवशी लॅपटॉप काखोटीला मारून वेंडेल तिसा नदीपलीकडे ओट्टोच्या घरी गेला. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्हींत जुळतं तेवढंच देतो.

ओट्टोने दारातच विचारलं, किती कमी पडतंय.

“तेरा अक्षरं.”

ओट्टोने लॅपटॉप घेतला आणि आधी शेवटची ओळ वाचली. त्यात सगळे होते, वारलेलेसुद्धा. तो नव्हता. वेंडेल म्हणतो, आपलं काळीज लिफ्टसारखं तळघरात गेलं. नाव काढून पाहिलं होतं, ते परत घालायचं राहिलं होतं. ओट्टोने ओळ पुन्हा एकदा वाचली. मग बोटांवर मोजू लागला: आमच्या रोमन लिपीत त्याचं नाव, मधली मोकळी जागा आणि स्वल्पविराम.

“स्वल्पविराम गाळला असतास तर बारात भागलं असतं,” तो म्हणाला. “आत ये.”

मग त्याने प्रोग्राम उघडला. “दहा मजले मोजायला तू बत्तीस हजारांपर्यंत जाणारा आकडा घेतलायस. एवढी इमारत कोण बांधतंय?”

“चार माणसांच्या लिफ्टला चाळीस माणसांची दोरी लावतात,” वेंडेल म्हणाला. सवयच ती.

“म्हणजे एका म्हातारीला बाजारात सोडायला मी जोडबस काढायची.”

जिथे जिथे जास्त जागा खाणारा मोठा आकडा होता, तिथे ओट्टोने छोटा घातला. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा त्याने सीमध्ये हात बुडवले, तेही नाक न मुरडता, असं वेंडेल म्हणतो. ओट्टो म्हणतो, मुरडलं होतं. तळघराला उणे एकऐवजी शून्य म्हणायला मात्र वेंडेल तयार होईना, कारण शून्य म्हणजे तळमजला, आणि त्यात लिफ्टवाल्यांची इज्जत आहे. तरीही इतकी जागा सुटली, की ओट्टोचं नाव ओळीच्या शेवटी बसलं आणि कुत्राही परत आला. “कॉफी तूच कर,” ओट्टो म्हणाला, “मी कॅसेट भरतो.”

घरी येऊन वेंडेलने कॅसेट चालवून पाहिली. सगळी नावं सरकली, शेवटी ओट्टोचं आलं, आणि वेंडेलने समाधानाने यंत्र बंद केलं.

मेळाव्यात ते कोणी बंद केलं नाही. कुत्रा भुंकला, भाडेकरू भांडले, नावं सरकली. ओट्टोचं नाव आलं तेव्हा भवनात माना वळल्या. ओट्टो पडद्याकडेच पाहत होता. थोडी मोकळी जागा गेली, आणि तिच्यामागून आणखी एक ओळ आली: “आणि हालमोश वेंडेल, जो सुरू केलेलं पुरं करतो.”

पंगतीत वाद पेटला. स्वतःच्या प्रोग्राममध्ये स्वतःला नमस्कार? सूप निवलं तरी निकाल लागेना. वेंडेल खाली मान घालून माशाचे काटे काढत होता. शेवटी अध्यक्षांनी ओट्टोलाच विचारलं, हे शिष्टाचारात बसतं का.

“ते कंपायलरने घातलं असणार,” ओट्टो म्हणाला. “नको ते भरायची सवयच आहे त्याला.” आणि त्याने पावाची टोपली वेंडेलकडे सरकवली.