सासूबाईंची हनवटी

पायांवरचे केस काढायला मी लाइटचं मशीन मागवलं, तेव्हा कोपर गावातल्या आमच्या घरात सगळ्यात जास्त उत्साह सासूबाईंना होता. आधी रेझर फिरवायचा, मग मशीन टेकवून लाइट मारायचा. रबरबँड सटकन लागावा तसं चुरचुरायचं. दोन-तीन महिन्यांत केस खरंच विरळ झाले आणि मी घरभर पाय मिरवत फिरायला लागले.

"माना पन मार गो," म्हणत सासूबाईंनी आपलीही हनवटी पुढे केली. तिथे दोन राठ केस होते आणि त्यांच्यामध्ये लहानपणी गोंदलेले तीन हिरवे ठिपके. मी मशीन टेकवणार, तेवढ्यात म्हटलं, एकदा माहितीपत्रक तरी वाचू. वाचलं आणि चपापले. गोंदणावर लाइट मारायचा नाही, कातडी भाजते. शिवाय हा लाइट केसातला काळा रंग पकडतो. पांढऱ्या केसाला त्याने काहीच होत नाही आणि त्यांचे दोन्ही केस पांढरेशुभ्र!

मी ओशाळून सगळं सांगितलं. त्या बाल्कनीत उन्हाला बसल्या आणि चिमटा माझ्या हातात दिला. दोन झटक्यांत काम झालं.

पुढे मी आळस केला आणि माझे केस परत उगवले. पुन्हा मशीन काढलं, तशा त्या हसल्या.

"काळे आहेत तोवर मारून घे. पांढरे झाले ना, की तुझी मशीन तुला पण ओळखणार नाय."