सुनीतीताईंनी मृणालीला विचारलं

मिठागरात राबणारी हौसा अठरा वर्षांच्या मृणालीला घेऊन पेणच्या दवाखान्यात आली, ते साल चौऱ्याण्णव. पोरीच्या दोन्ही अंडाशयांत गाठी होत्या. जवळच्या एका बाईला अशाच गाठीनं नेलेलं हौसानं पाहिलं होतं. ती डॉक्टरांना म्हणाली, "सगलं काढून टाका. माजी पोर जगली पायजे."

रोह्याहून रोज एसटीनं येणाऱ्या नर्स सुनीतीताई म्हणाल्या, "हौसाबाई, जरा बाहेर बसा. मला मृणालीला विचारायचंय."

"माज्यासमोर इचारा की."

"तुमच्यासमोर ती तुमचंच बोलेल."

हौसा चिडून पडद्याबाहेर बसली. आतलं तिला ऐकू येत होतं.

"सगलं काढलं तर मना पोर नाय व्हनार?" मृणालीनं विचारलं.

"नाही होणार. थोडा भाग राखला तर आशा आहे. पण गाठ पुन्हा आली, तर पुन्हा ऑपरेशन."

"मंग राखा. पुन्हा येन मी."

डॉक्टरांनी गाठी तेवढ्या काढल्या आणि एका बाजूचा चांगला भाग जपून ठेवला.

पाच वर्षांनी हौसा मृणालीसोबत पोह्याचे पापड आणि तिची दोन महिन्यांची लेक घेऊन रोह्याला सुनीतीताईंच्या घरी गेली.

"त्या दिशी तुमचा लय राग आलता, ताई. सगलं काढा म्हनलेली मीच."

"भीतीनं म्हणालात. आई आहात."

हौसानं नात अलगद ताईंच्या मांडीवर ठेवली.