जाऊबाईंच्या हातातली पाटली

नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली, तेव्हा आईने दिलेल्या सोन्याच्या पाटल्या मागे कुठे ठेवायच्या, हा प्रश्न पडला. बँकेत लॉकर रिकामा नव्हता. धंतोलीत राहणाऱ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "माह्या हातात राहू दे वं. कपाटात ठेवल्या तं रोज पाहा लागते."

चार वर्षांनी आम्ही सुट्टीवर नागपूरला आलो. चहा ठेवायच्या आधीच त्या पाटल्या काढायला बसल्या. साबणाने डावी निघाली. उजवी मात्र तेल लावूनही अंगठ्याच्या हाडापाशी अडकली; मधल्या काळात जाऊबाई चांगल्या भरल्या होत्या. हात लाल झाला आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

"उद्या इतवारीत सोनाराकडून कापून आणू," त्या म्हणाल्या.

"कापायची कशाला? राहू द्या तुमच्याच हातात."

"काहून? लोकं म्हणतीन, जावेची अमानत खाल्ली."

"म्हणू द्या. मी सांगेन, मीच दिली."

त्या पाटलीवरचं तेल पदराने पुसत राहिल्या. सुट्टीतल्या प्रत्येक लग्नाला आम्ही एकेक पाटली घालून गेलो. कुणी विचारायच्या आत जाऊबाईच सांगायच्या, "जोडी आहे आमची."