पडून राहा, मी आलो

मोबाइलवरच्या एका खेळानं कोल्हापूरची बोली बदलली, हे मी पैजेवर सांगते. विमानातून शंभर जण छत्री घेऊन बेटावर उड्या टाकतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो, असा तो खेळ. आमच्या पेठेत त्यानं काय काय नाही केलं! तालमीच्या कट्ट्यावरची तोंडं बंद झाली आणि माना खाली गेल्या. एका मंडळानं गणपतीला त्याच बेटाचा देखावा केला आणि मूर्तीच्या वर विमान टांगलं. जिंकलं की पोरं ‘आज पांढरा!’ म्हणून ओरडायची, कारण जिंकल्यावर मटण आणि पांढरा रस्सा ठरलेला. पोरं बिघडली म्हणून सगळे काळजी करत होते. बायका बिघडतील असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी बिघडले.

मला तो खेळ नवऱ्यानंच शिकवला. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर शिरा शोधणाऱ्या बाईचा नेम चुकत नाही, हे त्याला आठवड्याभरात कळलं. आम्ही जोडी करून उतरायला लागलो. जोडीतला एक पडला तर लगेच मरत नाही, गुडघ्यावर रांगत राहतो. दुसऱ्यानं वेळेत येऊन जवळ बसलं की तो उठतो. मी पहिल्याच दिवशी पडले तेव्हा हेडफोनमधून त्याचा आवाज आला, “पडून राहा, मी आलो.” आणि तो आला. भर गोळ्यांतून आला. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण असं माझ्यासाठी धावत आलेलं त्याला मी कधी बघितलं नव्हतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेर सासू-सासरे आणि त्यांची मालिका, आत आम्ही, आणि मधलं दार कायम उघडं. नवरा-बायकोनं दोन वाक्यं बोलायची तर आधी टीव्हीचा आवाज वाढायची वाट बघायची. खेळात मात्र तो गॅलरीत, मी स्वयंपाकाच्या कट्ट्याला टेकून, आणि कानात एकमेकांचा आवाज. साहेबानं चारचौघांत कसं झाडलं, हे त्यानं मला एका पडक्या गोदामात दबा धरून बसलेलो असताना सांगितलं. मला लॅबमधल्या वासानं कधीकधी घरी आल्यावर जेवण जात नाही, हे मी त्याला नदी ओलांडताना सांगितलं. समोर बसून आम्ही हे कधीच बोललो नसतो. शिवाय तिथं ‘अहो’ म्हणायला सवड नसायची. अहो म्हणेपर्यंत माणूस जायचा. मी सरळ ‘अरे’ म्हणायची, आणि ते त्यालाही आवडायचं.

त्यातच घात झाला. गगनबावड्याहून मावससासूबाई आल्या होत्या. मी एका हातानं चहा गाळून ठेवला, दुसऱ्या हातात फोन, कानात हेडफोन. नवऱ्याच्या मागं दोघं आले आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, “अरे गाढवा, मागं बघ की!”

बघितलं ते मावससासूबाईंनी. त्या दारातच उभ्या होत्या.

“नवऱ्याला गाढव म्हणतीस व्हय गं?”

सासूबाईंनी ते बाहेरून ऐकलं. पौर्णिमेला आम्हा दोघांना त्यांनी नृसिंहवाडीला नेलं. आमच्याकडं कुणाचं खूळ सुटत नसलं की वाडीला जाऊन ते महाराजांच्या पायाशी सोडतात. कुणी तंबाखू सोडतं, कुणी दारू. आम्ही बहुधा पहिलेच, जे मोबाइलचा खेळ सोडायला गेलो. दर्शन झालं, मग घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो आणि सासूबाईंच्या देखत दोघांनीही आपापल्या फोनमधून तो काढून टाकला. मला रडूच आलं. नवऱ्यानं हात दाबला आणि हळूच म्हणाला, “जाऊ दे. आपण हाय की.” येताना कवठाची बर्फी घेतली. ती मी गल्लीत वाटली, म्हणजे किती मनापासून सोडला होता बघा.

पण ‘आपण’ काही उरलो नाही. सहाला कंपनीची बस सुटते म्हणून मी फोन करायची, तर लागायचा नाही. “बसमध्ये रेंज नसते,” तो म्हणायचा. घरी आला की जेवायचा आणि टीव्हीपुढं बसायचा. काय झालं विचारलं की एकच उत्तर, सगळं बरं हाय. मी आठ महिने स्वतःलाच दोष देत होते. आपल्याला साधं बोलताही येत नाही, खेळाच्या कुबड्या लागतात, असं वाटायचं. एकदोनदा खेळ परत फोनमध्ये घ्यावा असं फार मनात आलं, पण महाराजांची आठवण झाली आणि फोन खाली ठेवला.

लॅबमधली माझी जोडीदारीण तो खेळ खेळते. एकदा तिनं कोल्हापुरातल्या पहिल्या शंभर खेळाडूंची यादी मला दाखवली, कारण त्यात तिचं नाव लागलं होतं. तिचं नाव खाली होतं. वर, एकोणिसावं नाव होतं ‘कागलचा वाघ’. हे नाव मी आणि नवऱ्यानं मिळून ठरवलं होतं. आठ महिने खेळ न खेळता एकोणिसावा नंबर येत नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी तिचा फोन मागून घेतला. तिनं खेळात पुरुषाचं नाव घेतलंय. वाघाला जोडीचं बोलावणं पाठवलं, त्यानं लगेच घेतलं. मी माइक बंद ठेवला. हेडफोनमध्ये बसची घरघर आणि त्याचा आवाज, स्वच्छ. रेंज उत्तम होती.

“बोलत न्हाईस व्हय भावा? नसंना का, ऐक मग.” आणि तो बोलत सुटला. कंपनीत माणसं कमी करणार म्हणत्यात, आपला नंबर लागतोय का काय कळंना, झोप लागत न्हाय. काय सांगतोय आणि कुणाला सांगतोय, मला सुधरेना. नेम चुकला आणि मी पडले.

“पडून राहा भावा, मी आलो.”

आला, भर गोळ्यांतून, तसाच. ते वाक्य मी पहिल्या दिवसापासून माझं म्हणून जपलं होतं. तो ते कुणालाही म्हणतो. मला इतका राग आला की फोन आपटावासा वाटला, पण तो माझा नव्हता.

थोड्या वेळानं तो पडला. रांगत माझ्याकडं यायला लागला. “भावा, उचल की.” मी समोर उभी राहिले आणि माइक चालू केला.

“अहो,” मी म्हटलं, “वाडीला गेलो होतो ना आपण?”

तो जागच्या जागी थांबला. मी त्याला उचललं नाही आणि त्याची वेळ संपली.

मी घरी पोचले तेव्हा तो अजून आला नव्हता. सासूबाई भाजी निवडत होत्या. मी त्यांच्यापुढं बसून सांगितलं, ह्यांनी खेळ सोडलेला नाही, महाराजांपुढं खोटं बोलले. त्यांनी मेथीची काडी मोडली.

“मला ठावं हाय की. पुरुष माणूस हाय, कामाचा ताण असतोय, बसमधी खेळला तर काय बिघडलं? तुझं सुटलं न्हवं? मग झालं.”

म्हणजे वाडीला त्या दिवशी खेळ सोडायला मी एकटीच गेले होते.